शरदातली बाग: तारखेआधी वाफसा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरद जवळ आला की बागकामाच्या सदरांतून याद्या येऊ लागतात. अमुक महिन्यात हे पेरा, तमुक तारखेआधी ते लावा. या याद्या चुकीच्याच असतात असे नाही. पण मातीत ओल किती आहे हे तारखेवरून कळत नाही, आणि शरदातल्या बागेत सगळे त्यावरच अडते. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच दिवशी, एक वाफा पेरणीला तयार असतो आणि दुसऱ्याला आणखी आठ दिवस हात लावू नये अशी स्थिती असते. त्या दुसऱ्या वाफ्यात यादी पाळून कुदळ घातली, तर सगळा हंगाम त्याची भरपाई करण्यात जातो. म्हणून घरच्या बागेची शरदातली तयारी तारखांच्या क्रमाने न छापता कामांच्या क्रमाने छापावी, ही आपल्याला विनंती. तो क्रम काय असावा आणि का, ते खाली लिहीत आहोत.

पहिली गोष्ट वाफसा. शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला हा शब्द घरबागेच्या लिखाणात फारसा भेटत नाही, याचे वाईट वाटते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही खेळते आहे, अशी स्थिती म्हणजे वाफसा. तो ओळखायला उपकरण लागत नाही. वरची माती बाजूला सारून सुमारे १० सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती घ्यावी, मुठीत घट्ट दाबावी आणि मूठ उघडून त्या मुटक्याला अंगठ्याने टोचावे. मुटका फुटून भुगा झाला, तर वाफसा आहे. तो नुसताच चेपला, किंवा माती दोन बोटांत चोळल्यावर चकचकीत पट्टी निघाली, तर थांबावे. मुटका वळलाच नाही आणि माती बोटांतून सांडली, तर ती कोरडी आहे. आदल्या दिवशी हलके पाणी देऊन मग खणावे. (वाळूचे प्रमाण जास्त असलेली माती ओल असूनही मुटका धरत नाही. तिथे हाताला गारवा लागतो का, एवढेच बघावे.)

चिकणमातीत ही परीक्षा टाळली की काय होते ते नीट समजून घ्यायला हवे. ओल्या मातीवरून कुदळीचे पाते घासत जाते, त्या दाबाने पोकळ्या लिंपल्यासारख्या बंद होतात आणि उलटून पडलेले ढेकूळ उन्हात विटेसारखे कडक होते. त्यात ना मूळ शिरते ना पाणी. असे ढेकूळ हातोडीने फोडले तर बारीक खडे होतात, माती होत नाही. ते पुन्हापुन्हा भिजून-वाळूनच सुटावे लागते आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. ओल्या वाफ्यात उभे राहणेही तितकेच घातक, कारण पायाचा भार खालच्या थरापर्यंत उतरतो आणि तो थर नंतर खुरप्याच्या टप्प्यात येत नाही. वाफ्याची रुंदी १.२ मीटरहून जास्त ठेवू नये असे सांगतात ते याचसाठी: दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय टाकावा लागत नाही. जावेच लागले, तर फळी टाकून तिच्यावर उभे राहावे.

वाफशाची वाट पाहण्याचे दिवस मोकळे घालवू नयेत. खरे तर तयारीतली अर्धी कामे याच दिवसांतली आहेत.

त्यातले पहिले, निचऱ्याची तपासणी. ३० सेंटीमीटर खोल आणि तितकाच रुंद खड्डा घ्यावा, पाण्याने काठोकाठ भरून एकदा पूर्ण मुरू द्यावा. मग पुन्हा भरावा आणि काठीवर खूण करून तासाभरात पाणी किती उतरते ते मोजावे. तासाला अडीच ते साडेसात सेंटीमीटर उतरले तर निचरा चांगला. त्याहून कमी असेल, तर त्या जागी सपाट वाफा न करता १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करावा. त्याहून बरेच जास्त असेल, तर खत वाढवावे आणि पाणी थोडे थोडे, पण लवकर लवकर द्यावे. निचरा सुधारण्यासाठी चिकणमातीत घमेलेभर वाळू टाकण्याचा सल्ला फार दिला जातो; तो कृपया छापू नये. थोड्या वाळूने पोकळ्या वाढत नाहीत. वाळूच्या कणांमधल्या जागेत चिकणमाती बसते आणि सगळे मिळून काँक्रीटसारखे आवळते. चिकणमाती मोकळी होते ती सेंद्रिय खताने, तेही एका हंगामात नव्हे.

दुसरे काम उन्हाची पाहणी. उन्हाळ्यात दिवसभर ऊन असलेला कोपरा शरदात सावलीत जातो, कारण दुपारचा सूर्यही रोज थोडा थोडा खाली सरकत असतो. हे डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून हिशेबाने आधीच काढून ठेवावे. २० अक्षांशावर २ मीटर उंच भिंतीची माध्यान्हीची सावली शरद संपाताच्या (दिवस आणि रात्र समान असण्याच्या) दिवशी जेमतेम पाऊण मीटर असते. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी ती १.९ मीटर होते. ४० अक्षांशावर त्याच दिवशी तीच सावली ४ मीटरपर्यंत पसरते. उत्तर गोलार्धात भिंतीच्या उत्तरेकडच्या वाफ्याला याचा फटका बसतो, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या. फळे धरणाऱ्या झाडांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते, पालेभाज्यांचे ४-५ तासांतही भागते. तेव्हा सावलीत जाणारी जागा पालेभाज्यांना आणि उरलेले ऊन टोमॅटो-मिरचीला, ही वाटणी रोप आणण्याआधी कागदावर व्हायला हवी.

तिसरे, जुन्या हंगामाची आवराआवर. रोगट टोमॅटो, भुरी (पानांवरची पांढरी पिठी) पडलेले भोपळ्याचे वेल, मर लागलेली वांगी मुळासकट उपटून बागेबाहेर काढावीत. घरच्या कंपोस्टच्या ढिगात उष्णता पुरेशी होईलच असे नाही, आणि न झाल्यास तोच रोग खतावाटे परत वाफ्यात येतो. निरोगी घेवडा, चवळी, वाटाणा मात्र उपटू नये. जमिनीलगत कापावा आणि मुळे तशीच राहू द्यावीत. ती कुजताना त्यांच्या गाठींतला नत्र (नायट्रोजन) मातीत सुटतो आणि मुळांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा राहतात. या गाठी आणि सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या) गाठी यांत गल्लत होते. कडधान्याच्या मुळावरची चांगली गाठ बाजूला चिकटल्यासारखी असते, नखाने सहज सुटते आणि जिवंत असताना फोडली तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमींची गाठ म्हणजे खुद्द मूळच फुगलेले असते. ती सुटत नाही, मूळ तुटते. अशी मुळे दिसली, तर त्या जागी लगेच टोमॅटो, वांगे, भेंडी किंवा काकडी घेऊ नये. झेंडूने सूत्रकृमी कमी होतात हे खरे, पण त्यासाठी तो संपूर्ण जागेत दाट लावून पूर्ण हंगाम ठेवावा लागतो. कडेला चार रोपे लावून ते साधत नाही.

बेवड, म्हणजे त्या जागी आधी कोणते पीक होते ते, पाहण्याची सवयही इथेच कामी येते. टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा ही एका कुळातली. त्यांच्या जागी पुन्हा त्यांच्यातलेच काही ३ वर्षे येऊ नये. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, सलगम हे दुसरे कूळ. मुळा आणि कोबी दिसायला इतके वेगळे, की ते एका कुळातले आहेत हे ध्यानात राहत नाही आणि एकामागून एक त्याच वाफ्यात पडतात.

आता खताकडे. शरदाच्या तोंडाशी मातीत नेमके काय कमी असते, हे न पाहता सगळेच ओतण्याची पद्धत पडली आहे. भरपूर पाऊस होऊन गेलेल्या मातीतून सर्वांत जास्त नत्र गेलेला असतो. नायट्रेटवर, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपावर, ऋण भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असतो; त्यामुळे कण त्याला धरून ठेवत नाहीत आणि तो पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतो. स्फुरदाचे (फॉस्फरसचे) उलट. तो कणांना घट्ट चिकटतो आणि वर्षानुवर्षे साठत राहतो. म्हणून दर हंगामाला हाडांचे खत टाकत राहण्यात अर्थ नाही. स्फुरद फार साठला की लोह आणि जस्त झाडाला मिळेनासे होते आणि कोवळी पाने पिवळी पडू लागतात. त्यावर आणखी खत टाकले जाते आणि दुखणे वाढते.

चांगले मुरलेले शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत हेच मुख्य खत. मात्रा मूठ-दोन मुठींत सांगू नये, थराच्या जाडीत सांगावी. वाफ्यावर अडीच सेंटीमीटरचा थर पसरायचा म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब वाफ्याला ९० लिटर, म्हणजे १० लिटरच्या ९ बादल्या. हा थर वरच्या १० ते १५ सेंटीमीटर मातीत मिसळावा. त्याहून खोल नेऊ नये, कारण खत कुजवणारे जीव आणि अन्न घेणारी बहुतेक बारीक मुळे वरच्या थरातच असतात. नवी, कडक जमीन असेल तर पहिल्या वर्षी थर ५ सेंटीमीटरचा करावा. सांभाळलेल्या वाफ्याला खणण्याचीही गरज नसते. काटा (लांब दात्यांचे खणण्याचे अवजार) मातीत खुपसून मागे-पुढे हलवावा, माती उलटू नये. उलटल्याने खाली निजलेले तणाचे बी उजेडात येते आणि गांडुळांची बिळे मोडतात.

खत मुरले आहे की नाही हे रंगावरून ठरवू नये. मूठभर खत ओलसर करून पिशवीत हवाबंद ठेवावे आणि ३ दिवसांनी उघडावे. पावसाळी मातीचा वास आला तर ठीक. आंबूस किंवा डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ते कच्चे आहे. आणखी खात्री हवी असेल तर एका कुंडीत खत आणि माती निम्मे-निम्मे, दुसरीत नुसती माती, दोन्हींत २०-२० मेथीदाणे टाकून आठवडाभर बघावे. खताच्या कुंडीत उगवण स्पष्टपणे कमी किंवा रोपे पिवळी दिसली, तर ते खत अजून महिनाभर ढिगात राहू द्यावे. कच्चे शेण मातीत कुजताना झाडाच्या वाट्याचा नत्र वापरून टाकते, मुळे भाजते, हुमणीला (मुळे खाणाऱ्या अळीला) घर देते. शिवाय ते आरोग्यालाही धोक्याचे. जमिनीला टेकणारी आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी असेल, तर ताजे शेण टाकणे आणि काढणी यांत किमान १२० दिवस जायला हवेत, असा सेंद्रिय शेतीतला प्रचलित दंडक आहे. मुळा तर दीड महिन्यात काढणीला येतो. मग त्याच्या वाफ्यात ताजे शेण टाकण्याचा प्रश्नच उरत नाही.

चुना आणि राख मातीचा सामू (pH) तपासल्याशिवाय टाकू नये. बहुतेक भाज्यांना सामू ६ ते ७ च्या दरम्यान मानवतो. माती आम्ल असेल तर शरद ही चुना देण्याची चांगली वेळ, कारण त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. पण माती आधीच विम्ल (अल्कधर्मी) असेल तर चुन्याने आणि राखेने नुकसानच होते, आणि ते उलटवणे फार अवघड जाते.

आता पालापाचोळा. संपादक महोदय, या पत्रातली एकच गोष्ट छापायला जागा असेल तर हा परिच्छेद छापावा. शरदात गळणारे पान हे झाडाने वर्षभर खालून वर ओढलेल्या खनिजांचे आणि हवेतून बांधलेल्या कर्बाचे गाठोडे असते. ते जाळले की कर्ब आणि नत्र धुरात जातात, हाती फक्त चिमूटभर राख येते, आणि धुरातले सूक्ष्म कण शेजारच्यांच्या छातीत उतरतात. तोच पाला तीन प्रकारे वापरता येतो आणि प्रत्येकाचे पथ्य वेगळे आहे. आच्छादन करायचे असेल तर थर ५ ते ८ सेंटीमीटरचा असावा, आणि खोडाभोवती तेवढीच जागा उघडी सोडावी. साल सतत ओली राहिली की कुजते. रुंद पाने आख्खी पसरली तर ती एकावर एक चिकटून छपरासारखी होतात आणि पाणी वरूनच वाहून जाते, म्हणून आधी ती चुरावीत. सुका पाला मातीत मिसळू नये. त्यात कर्ब फार आणि नत्र कमी, त्यामुळे कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. वर पसरलेल्या पाल्याने असे होत नाही. तिथे कुजण्याचे काम फक्त पाला आणि माती जिथे भिडतात त्या पातळ थरात चालते.

ढीग करायचा असेल तर तो लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी साधारण १ मीटरचा करावा. लहान ढिगात उष्णता टिकत नाही. आकारमानाने सुक्या पाल्याचे २ ते ३ भाग, हिरव्याचा किंवा स्वयंपाकघरातल्या देठा-सालींचा १ भाग. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. ढीग जमला की आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ते उतरू लागले की उलथून घ्यावा. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला आहे. कुजका वास आला तर पाणी जास्त झाले आणि हवा संपली आहे. काहीच होत नसेल तर ढीग कोरडा तरी आहे, लहान तरी, किंवा त्यात हिरवे काही नाही. आणि एवढी देखभाल शक्य नसेल तर नुसती पाने भिजवून, भोके पाडलेल्या पोत्यात दाबून सावलीत ठेवावीत. सहा महिने ते दोन वर्षांत त्यांची काळीभोर, भुसभुशीत पानकूज होते. तिच्यात अन्नद्रव्ये कमी, पण पाणी धरण्याची ताकद मोठी, त्यामुळे बियांच्या तबकात ती फार उपयोगी पडते. ढिगात बी धरलेले तण मात्र जाऊ देऊ नये.

तणाचे पेरणीआधीच बघावे. वाफा तयार झाला की लगेच न पेरता त्याला पाणी द्यावे आणि ८ ते १० दिवस तसाच सोडावा. वरच्या थरातले तणाचे बी उगवून येते. मग खुरपे जेमतेम २ सेंटीमीटर खोल चालवून ते सगळे कापावे आणि माती न हलवता पेरावे. पुढची निंदणी यामुळे बरीच वाचते. लव्हाळ्याला हा उपाय पुरत नाही. त्याच्या गाठी मातीत साखळीने जोडलेल्या असतात. वरचे पाते ओढले की खालची गाठ जागी होऊन नवे पाते काढते. वाफसा असताना काट्याने उचलून साखळीसकट काढावा, आणि पुन्हा आला की दर दोन-तीन आठवड्यांनी, पाती जोर धरण्याआधी, काढत राहावे. गाठीतला साठा संपेपर्यंत हे काम सोडता येत नाही. आच्छादनाला तो दाद देत नाही, पाला भेदून वर येतो.

पेरणीबद्दल सर्वसाधारण नियम एकच: बियाच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल. बाकी प्रत्येक बियाची खोड वेगळी. धणे म्हणजे खरे तर दोन बियांचे फळ, म्हणून ते हलके रगडून दोन फाकांत सोडवून पेरावे. भरडून चुरा करू नये. बीटचे एक दिसणारे बी म्हणजे अनेक बियांचा झुबका. एकाच जागी तीन-चार रोपे येतात, त्यातले एक ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्याचे मूळ हलते. लेट्यूसच्या बियाला उजेड हवा, त्यावर माती जवळजवळ नकोच. आणि माती ३० अंशांच्या आसपास तापलेली असेल तर ते उगवत नाही, झोपून राहते. दुपारी मातीत थर्मामीटर खुपसून बघावे आणि रात्री गार होईपर्यंत थांबावे. गाजर उगवायला १० ते २० दिवस घेते आणि तेवढे दिवस वरची माती एकदाही सुकता कामा नये. त्यासाठी ओल्या गोणपाटाने वाफा झाकावा आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सकाळी उचलून बघावे. पहिला कोंब दिसला की गोणपाट लगेच काढावे. गाजराला फाटे फुटण्याची कारणे मातीतले खडे, ढेकळे, ताजे शेण आणि रोप उपटून पुन्हा लावणे. मुळा नुसता पाला देतो तेव्हा कारण बहुधा दाटी असते: दोन रोपांत ५ ते ७ सेंटीमीटर हवेत. जास्त नत्र आणि सावली ही आणखी दोन कारणे. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून ३ ते ५ सेंटीमीटर खोल, १० सेंटीमीटरवर एक. बाहेरच्या जाड पाकळ्या लावाव्यात, आतल्या बारीक स्वयंपाकाला.

बारीक बी मातीने झाकण्यापेक्षा चाळलेल्या कंपोस्टने झाकावे. मातीवर पाण्याचे थेंब आपटले की तिची खपली धरते आणि गाजर-कांद्याचा नाजूक कोंब ती फोडू शकत नाही. मग दोष बियाला दिला जातो. बियाची शंका असेल तर पेरण्याआधीच ओल्या कागदात २० दाणे गुंडाळून बघावेत. १० उगवले तर दुप्पट पेरावे. ५-६च उगवले तर ते बी टाकून द्यावे. कांद्याचे बी एक-दोन वर्षांतच उगवणशक्ती गमावते, टोमॅटोचे बरेच जास्त टिकते.

तबकातली रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी होतात, ती बुरशीजन्य मर. तिला औषधापेक्षा दाटी, साचलेले पाणी आणि कोंदट हवा या तीन गोष्टी कमी केल्याने जास्त आळा बसतो. बी विरळ टाकावे, जुनी तबके साबणाने धुऊन वाळवावीत, पाणी खालून शोषू द्यावे आणि उरलेले ओतून द्यावे. आडोशात वाढलेले रोप एकदम उन्हात लावू नये: पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडे वाढवत ७ ते १० दिवसांत पूर्ण ऊन. लावणी संध्याकाळी करावी. टोमॅटोचे रोप खालची पाने काढून खोल लावता येते, कारण त्याच्या खोडाला मुळे फुटतात. मिरची आणि लेट्यूस तबकात जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावावेत.

कुंडीत झाडे लावणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कुंडीच्या तळाशी खडीचा थर घातल्याने निचरा सुधारत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. त्यामुळे चिखलाचा थर तळाऐवजी खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. दुसरे, नुसती बागेतली माती कुंडीत आवळते. माती, कंपोस्ट आणि नारळाचा भुसा समान घेतले तर मोकळेपणा आणि ओल दोन्ही राहतात. कुंडी बदलताना नवी कुंडी जुनीपेक्षा अडीच ते पाच सेंटीमीटरच रुंद घ्यावी; फार मोठ्या कुंडीतली माती मुळे पोचण्याआधीच ओली राहून आंबते. मुळे गोल गुंडाळलेली असतील तर सुरीने बाजूला तीन-चार उभे छेद द्यावेत, नाहीतर नव्या मातीतही ती गोलच फिरत राहतात.

छाटणीत घाई सर्वांत महाग पडते. वसंतात फुलणाऱ्या बहुतेक झुडपांच्या कळ्या शरदाआधीच फांदीत तयार झालेल्या असतात. आता छाटली तर पुढचा बहर कचऱ्यात जातो. मेलेली, रोगट आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढायला हरकत नाही. खोडाशी असलेला फुगीर कडा राखून त्याच्या जरा बाहेर काप घ्यावा. जखम त्या कड्यातूनच भरून येते. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप, मग थोडे बाहेरून वरून, आणि शेवटी राहिलेला खुंट. असे केले नाही तर फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. जखमेला रंग लावण्याने भले होत नाही. जिथे कडाक्याच्या थंडीत दव गोठते, तिथे पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या साधारण ६ आठवडे आधीपासून नत्र देणे आणि जोराची छाटणी दोन्ही बंद करावीत. त्यातून फुटणारी कोवळी पालवी थंडीत काळी पडते. तिथे गुलाबाची छाटणीही हिवाळा सरतानाच करावी.

पाण्याचा हिशेब खतासारखाच करता येतो. वाढत्या भाजीला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर लागते. पाऊस पडला तर तेवढे वजा करावे. हे पाणी दोन-तीन वेळांत, सकाळी, मुळाशी द्यावे. दिवस लहान आणि गार होत गेले की माती हळू सुकते. उन्हाळ्याच्या सवयीने पाणी देत राहिल्याने शरदात मुळे कुजून जितकी झाडे जातात, तितकी तहानेने जात नाहीत.

कोरडे दिवस आणि दमट, गार रात्री सुरू झाल्या की पानाच्या वरच्या बाजूवर पांढरी पिठी दिसू लागते, ती भुरी. तिला पान ओले असावे लागत नाही. पानाखाली करडी लव आणि वर पिवळे ठिपके असतील तर तो केवडा रोग, आणि त्याला पानावर पाणी लागते. त्यामुळे पाने भिजवणे थांबवण्याचा उपाय केवड्याला लागू पडतो, भुरीला नाही. भुरीसाठी दाटी कमी करून हवा खेळवावी आणि लागलेली पाने पहिल्याच आठवड्यात काढावीत. मावा कोवळ्या शेंड्यांवर जमतो आणि नत्र जास्त झाला की वाढतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच निम्मे काम होते. राहिलेल्यासाठी लिटरला ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल, ते पाण्यात मिसळावे म्हणून १-२ मिलिलिटर साधा द्रव साबण घालून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस बघावे. गोगलगायींसाठी रात्री वाफ्याशेजारी ओली फळी उपडी ठेवावी आणि सकाळी उलटून त्या वेचाव्यात.

हे सगळे एका लेखात मावणार नाही याची कल्पना आहे. आपल्या बागकाम सदरात शरदासाठी चार आठवड्यांची जागा मिळाली तर पहिल्या आठवड्यात वाफसा, निचरा आणि ऊन, दुसऱ्यात खत आणि पाला, तिसऱ्यात तण आणि पेरणी, चौथ्यात कुंड्या, छाटणी आणि कीड अशी मांडणी करता येईल. पहिल्या भागाबरोबर मुठीतल्या मातीची तीन छायाचित्रे शेजारी-शेजारी जरूर छापावीत: चेपलेला मुटका, फुटलेला मुटका आणि न वळलेली माती.

आपले,
घरबागेत काम करणारे वाचक